औषध घेणारा हाच दाता

दरवर्षी १० फेब्रुवारीच्या सुमारास आमच्या दाभोळच्या शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना एक गोळी चघळावयास दिली जाते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा हा कार्यक्रम २०१५ पासून देशभर चालू आहे. गोळीचे नाव अल्बेंडाझोल. पोटातील जंत नाहीसे व्हावेत, मुलांच्या अंगी रक्त भरावे, अभ्यासात त्यांचे चित्त लागावे, हा तिचा हेतू. मूल बाईंच्या समोर गोळी चघळते, वहीत खूण होते, आणि त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलाला पुढे ठरलेल्या दिवशी ती दिली जाते. याविषयी गावात फारशी चर्चा होत नाही. शाळा आपली असते, शिक्षक ओळखीचे असतात आणि मूल सांगितलेले ऐकते.

हीच गोळी विदर्भातील एखाद्या गावात प्रौढांना, आजी-आजोबांना, दुकानदाराला, वकिलाला आणि प्राध्यापकाला घ्यावयास सांगितली जाते, सोबत आणखी एक-दोन प्रकारच्या गोळ्या असतात, आणि तेव्हा मात्र प्रसंग अवघड होतो. कारण यांपैकी बहुतेकांना कोणताही आजार जाणवत नसतो. ‘मला काहीच झालेले नाही, मग मी औषध का घेऊ?’ हा प्रश्न साधा आहे आणि रास्तही आहे. हत्तीरोग दुरीकरणाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेचे यशापयश बरेचसे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या मोहिमेसाठी महाराष्ट्रातील जे जिल्हे निवडले गेले, त्यांत कोकणातील सिंधुदुर्ग होता, ठाणे होता. आमचा रत्नागिरी नव्हता. मग दाभोळात बसून या विषयावर का लिहावे? एक कारण असे की, आपल्या मासिकाचे पुष्कळ वाचक नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, लातूर, सोलापूर या भागांत राहतात आणि हे सर्व जिल्हे त्या यादीत होते. दुसरे कारण पुढे ओघाने येईल.

पायापुरता नसलेला रोग

या रोगाला आपण बोलीभाषेत हत्तीपाय म्हणतो. आयुर्वेदात त्याला ‘श्लीपद’ असे नाव आहे, यावरून तो आपल्या देशात किती जुना आहे हे कळते. सुतासारखा बारीक कृमी माणसाच्या रसवाहिन्यांत घर करतो. प्रौढ कृमी सहा ते आठ वर्षे जगतो आणि मादी असंख्य सूक्ष्म पिल्लांना जन्म देते. ही पिल्ले रात्रीच्या वेळी रक्तात फिरतात. म्हणूनच या रोगासाठी रक्ताचे नमुने रात्री घेतले जातात. क्युलेक्स जातीचा डास रुग्णाला चावला की पिल्ले त्याच्या पोटात जातात, तेथे साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि पुढील दंशातून दुसऱ्याच्या शरीरात शिरतात. गटारे, तुंबलेले सांडपाणी, उघड्या शौचकुंड्या ही या डासाची जन्मस्थाने.

एखाद-दुसऱ्या दंशाने हा रोग सहसा जडत नाही; वर्षानुवर्षे दंश होत राहावे लागतात. लागण पुष्कळदा बालपणीच होते आणि पाय सुजतो तो पुढे कित्येक वर्षांनी. मधल्या काळात मनुष्य धडधाकट दिसतो, शेतात राबतो, दुकान चालवतो. मात्र त्याच्या रक्तातील पिल्ले डासामार्फत शेजाऱ्यांच्या घरी पोचत असतात. त्याला स्वतःला याची कल्पना नसते. पाय सुजतो, पुरुषांत अंडवृद्धी होते, तेव्हा कुठे रोग उघड होतो, आणि तोवर रसवाहिन्यांची झालेली हानी भरून येण्यापलीकडे गेलेली असते.

१९९० च्या सुमारास माझी बदली भंडारा जिल्ह्यातील एका शाखेत झाली होती. हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. तेथे पीककर्जासाठी येणारा एक शेतकरी मला आजही आठवतो. तो कधी खुर्चीवर बसत नसे. पायाला जखम होती, तिला वास येत असे आणि त्याचा त्याला संकोच वाटे. एका वर्षी तो कर्ज मुलाच्या नावे करून द्या म्हणून विनवू लागला. परतफेड चोख होती, जमीन त्याच्याच नावे होती. मी कारण विचारले. तो म्हणाला, “साहेब, रोवणीच्या चिखलात आता उभं राहावत नाही. शेत माझं, पण करतो पोरगा.” त्याचे वय तेव्हा पन्नाशीच्या आतच असेल. हत्तीरोगाने माणूस सहसा मरत नाही. परंतु ज्या कामावर त्याचे घर चालते, नेमके ते काम तो हिरावून घेतो.

गोळ्यांची कुळकथा

या रोगावरील मुख्य औषध डायइथिलकार्बामॅझिन, म्हणजेच डीईसी. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले थोर संशोधक येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून ते १९४७ साली पुढे आले. दुसरे औषध आयव्हरमेक्टिन. त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिसरे आपल्या शाळांतून दिले जाणारे अल्बेंडाझोल. आपल्या राज्यातही या विषयाचा अभ्यास झाला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगावर अनेक वर्षे संशोधन चालले.

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम आपल्या देशात १९५५ साली सुरू झाला. रात्री घरोघर जाऊन रक्त तपासावयाचे आणि ज्याच्या रक्तात पिल्ले सापडतील त्याला औषध द्यावयाचे, अशी जुनी रीत होती. परंतु कोट्यवधी लोकांचे रक्त रात्री तपासणे कोणत्याही यंत्रणेला साधणारे नव्हते. तेव्हा जगभर निराळा विचार पुढे आला: तपासणीत वेळ न दवडता बाधित भागातील सर्वच पात्र व्यक्तींना वर्षातून एकदा औषध द्यावे. १९९७ साली जागतिक आरोग्य सभेने या रोगाच्या उच्चाटनाचा ठराव केला, २००० साली जागतिक कार्यक्रम सुरू झाला, आणि भारताने २००४ पासून डीईसीची वार्षिक फेरी देशव्यापी केली. पुढे अल्बेंडाझोल जोडले गेले.

दरवर्षी औषध का, याचे उत्तर कृमीच्या आयुष्यात आहे. औषधाने पिल्ले मरतात, पण प्रौढ कृमी पुष्कळदा जिवंत राहतो आणि पुन्हा पिल्ले घालतो. म्हणून त्याचे आयुष्य सरेपर्यंत, म्हणजे किमान पाच वर्षे, फेऱ्या न चुकता व्हाव्या लागतात. तिन्ही औषधे एकत्र दिल्यास पिल्लांचा बंदोबस्त अधिक काळ टिकतो, असे आढळल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली विशिष्ट भागांसाठी त्रिऔषध पद्धतीची शिफारस केली. देशातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत तिचा आरंभ झाला, त्यांत आपला नागपूर जिल्हा होता. तेथे जानेवारी २०१९ मध्ये पहिली फेरी झाली.

वाटप आणि सेवन

बँकेच्या नोकरीत आम्ही एक धडा फार लवकर शिकलो. कर्ज मंजूर होणे निराळे, त्याचे वितरण होणे निराळे आणि त्याचा योग्य विनियोग होणे निराळे. विहिरीसाठी दिलेल्या रकमेत विहीर खणली गेली की लग्न पार पडले, हे खातेवहीत दिसत नाही. त्यासाठी शेतावर जावे लागते. औषधोपचार मोहिमेची सर्वांत मोठी अडचण हीच आहे. गोळ्यांचे वाटप म्हणजे गोळ्यांचे सेवन नव्हे.

उदाहरणादाखल एक हजार लोकवस्तीचे गाव घेऊ. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ही औषधे देत नाहीत. असे पन्नास जण वगळले तर पात्र उरले साडेनऊशे. आशाताई आठशे जणांपर्यंत पोचल्या. नोंदवहीत ८४ टक्के काम दिसेल आणि कोणाही वरिष्ठाला समाधान वाटेल. आता या आठशेंपैकी चारात एकाने गोळ्या ‘नंतर घेऊ’ म्हणून फडताळात ठेवल्या आणि त्या तेथेच राहिल्या, असे समजा. प्रत्यक्ष औषध पोटात गेले सहाशे जणांच्या. म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ६० टक्के. फेरी प्रभावी ठरण्यासाठी एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी औषध घेतलेले असावे लागते. पन्नास माणसे कमी पडली. पन्नास माणसे म्हणजे गावातील दहा-बारा घरे. त्या दहा-बारा घरांपायी गावाचे ते वर्ष जमेस धरता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की, नकार देणारी घरे पुष्कळदा दरवर्षी तीच असतात. निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या वर्षी एखादा डोस चुकवला, तर त्याची भरपाई पुढच्या फेरीत होते. परंतु एकच कुटुंब पाचही वर्षे औषधाविना राहिले, तर त्या घरातील कृमीला अभय मिळते आणि सगळे गाव गोळ्या घेत असताना डासांना तेथून पुरवठा चालूच राहतो. थकीत खात्यांचेही असेच असते. शाखेतील शंभर कर्जदार वेळेवर हप्ता भरतात. शाखा अडचणीत येते ती दरवर्षी तेच ते न भरणाऱ्या पाच-सात जणांमुळे.

हे ध्यानात आल्यावर मोहिमेची रीत बदलली. आता गोळ्या हाती ठेवून निघून न जाता, कर्मचाऱ्याने आपल्या समक्ष त्या घ्यावयास लावाव्यात असा नियम आहे. डीईसीचे प्रमाण वयानुसार ठरते, आयव्हरमेक्टिनचे उंचीनुसार. अल्बेंडाझोल चघळून खावयाची असते. पाच वर्षांखालील मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. फेऱ्या पूर्ण झाल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलांची रक्ततपासणी होते. ही मुले फेऱ्यांच्या काळातच वाढलेली असतात; त्यांच्यात नवी लागण आढळली नाही, तर प्रसार थांबला असे मानतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर नोंदवही म्हणजे शाखेचा स्वतःचा अहवाल, आणि मुलांची तपासणी म्हणजे बाहेरून आलेला लेखापरीक्षक. अहवाल फुगवता येतो. परीक्षकापुढे खरे काय ते उघड होते.

नकार कोठून येतो?

नकार देणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु कारणे ऐकून घेतली तर त्यांतली बरीच समजण्याजोगी असतात.

पहिले कारण भीतीचे. औषध घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. ज्याच्या रक्तात पिल्ले असतात, त्याला हा त्रास अधिक जाणवतो, कारण औषधाने ती मरू लागतात. हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत शमतो आणि औषध लागू पडल्याची ती खूणही असते. परंतु हे आधी कोणी सांगितलेले नसेल, तर ‘गोळीने माणूस आजारी पडला’ ही वार्ता संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत पसरते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या तर मळमळ वाढते; म्हणून त्या जेवणानंतरच घ्यावयाच्या असतात. दुपारी शेतावरून उपाशी परतलेल्या माणसाला दारातच गोळ्या घ्या म्हटले, तर तो ‘नंतर घेतो’ म्हणणारच.

दुसरे कारण निराशेचे. ज्याचा पाय आधीच सुजलेला आहे, त्याची सूज या गोळ्यांनी उतरत नाही. शेजारी ते पाहतात आणि म्हणतात, ‘त्यांचा पाय बरा झाला नाही, मग आम्हाला काय उपयोग?’ गोळ्या नवी लागण रोखण्यासाठी आहेत. सुजलेल्या पायाची निगा हा स्वतंत्र विषय आहे. साबण-पाण्याने पाय रोज स्वच्छ धुणे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत तो कोरडा करणे, लहानसहान जखमेवर लगेच उपचार करणे, बसताना पाय उंचावर ठेवणे, यांनी दुखणे आटोक्यात राहते. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते. ज्या गावात जुन्या रुग्णांची अशी विचारपूस होते, तेथे गोळ्या घेऊन येणाऱ्यांचे शब्दही ऐकले जातात. कारण ही माणसे केवळ आकडा पुरा करावयास आलेली नाहीत, हे लोकांना दिसते.

तिसरे कारण कंटाळ्याचे. २००४ पासून ही मोहीम चालू आहे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१५ पर्यंत उच्चाटन करावयाचे ठरले होते. ती मुदत टळली आणि पुढेही ढकलली गेली. जगाने २०३० हे वर्ष ठरविले. आपल्या सरकारने २०२३ साली २०२७ चे उद्दिष्ट जाहीर केले. वीस वर्षे तीच गोळी, तेच फलक, तेच आवाहन. शिवाय रोग जसजसा कमी होतो, तसतसे सुजलेले पाय दिसेनासे होतात आणि औषधाचे कारणही लोकांच्या नजरेआड होते. मोहीम यशस्वी होऊ लागली की तीच अनावश्यक वाटू लागते.

बंद दार

चौथे कारण आपल्यासारख्यांच्या घरचे आहे. झोपडीत किंवा पाड्यावर आशाताईंना बसावयास चटई मिळते. शहरातील सदनिकेत प्रथम पहारेकरी अडवतो, मग दाराच्या भिंगातून कोणीतरी पाहते आणि ‘आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारून घेऊ’ असे उत्तर येते. डास चावतो तो गरिबांना, गटार असते ते वस्तीत, औषध घ्यावे त्यांनी, असा एक समज सुशिक्षित घरांत न बोलता रुजलेला असतो. क्युलेक्स डास घाण पाण्यात जन्मतो हे खरे. पण तिसऱ्या मजल्यावर जाण्यास त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि सदनिकांच्या शौचकुंड्याही त्याला पुरेशा असतात.

माझी थोरली बहीण नागपुरात राहते. तिच्या इमारतीला उद्वाहक नाही. एका फेरीच्या वेळी आशा कार्यकर्ती आली, तेव्हा ताई स्वयंपाकात होती. मुलगी म्हणाली, “काकू, माझ्यासमोर घ्या ना.” ताई म्हणाली, “ठेव बाई तिथं, जेवण झालं की घेते.” मुलीने गोळ्या ठेवल्या नाहीत, पुन्हा येते म्हणाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून ती तीनदा येऊन गेली. कधी जेवण व्हावयाचे होते, कधी मेहुणे बाहेर गेले होते. पुढे ताईने मला दूरध्वनीवर सांगितले, “ती पोर चौथ्यांदा तीन मजले चढून आली, दारात दम खात उभी राहिली. मग आम्ही दोघांनी पाणी घेतलं नि तिच्यासमोर गोळ्या घेतल्या. शास्त्र काय ते मला कळलं नाही रे, पण हिला खोटं कसं पाडायचं?”

या एका वाक्यात मोहिमेचे मर्म आले आहे. भित्तिपत्रक वाचून गोळी घेणारे थोडे. समोरच्या माणसावरच्या विश्वासाने घेणारे पुष्कळ. आणि हा विश्वास ज्या मुलीच्या पायांवर उभा आहे, तिच्यामागे इतरही कितीतरी कामे असतात: बाळंतिणींच्या भेटी, लसीकरण, सर्वेक्षणे आणि अनेक नोंदवह्या. फेरीचा आकडा वेळेत पुरा करण्याचा ताण आला की घरी पुन्हा जाण्यापेक्षा गोळ्या ठेवून खूण करणे सोपे वाटते. दोष एकट्या तिचा नसतो. ज्या घराने तिला चार वेळा जिना चढावयास लावले, त्याचाही त्यात वाटा असतो.

सक्ती की विश्वास?

अशा वेळी कोणाला वाटेल की कायद्याचा बडगा दाखवावा. महाराष्ट्राने हा प्रयोग एकदा पाहिला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सैनिक घरांत घुसून झडत्या घेत. स्वयंपाकघर, देवघर, स्त्रियांचा आडोसा, कशाचीही भीड राहिली नाही. लोकांनी रुग्ण लपवले, शहर सोडले, आणि त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांत झाला. रोगाविरुद्धची मोहीम लोकांना स्वतःविरुद्धची वाटली.

त्याच वर्षी मुंबईत वाल्डेमार हाफकिन प्लेगवरील लस सिद्ध करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आज ज्या गावी सरपंच, मुख्याध्यापक आणि आरोग्य अधिकारी चावडीवर सर्वांदेखत आधी स्वतः गोळ्या घेतात, तेथे नकार कमी होतात. त्यामागचे तत्त्व तेच आहे. सांगणाऱ्याने आधी करून दाखवावे.

आणि हे काम होण्याजोगे आहे, याचे दाखले दूर शोधावयास नकोत. चीनने डीईसीमिश्रित मिठाचा मोठा वापर केला आणि २००७ साली हत्तीरोग संपवल्याचे जाहीर केले. श्रीलंका आणि मालदीव यांना २०१६ साली, तर बांगलादेशाला २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने यशाची मान्यता दिली. हवामान आपल्यासारखे, डास आपल्यासारखे, दारिद्र्यही आपल्यासारखे. तेथे जमले ते येथे न जमण्याचे कारण नाही.

आपल्या घरातील प्रश्न

आपल्या समाजात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला उपवासाचा. या मोहिमेसाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या तारखा ठरविण्यात आल्या आहेत. ऑगस्टची फेरी चातुर्मासात येते. कोणाचे एकाशन असते, कोणाचा उपवास. आणि कर्मचारी पुष्कळदा सूर्यास्तानंतर येतात, कारण तेव्हा पुरुष घरी सापडतात. यावर उपाय सोपा आहे. एकाशन असेल तर त्या भोजनानंतर लगेच, उपवास असेल तर पारण्याच्या दिवशी भोजन झाल्यावर गोळ्या घ्याव्यात, आणि तशी वेळ आशाताईंना आधीच सांगून ठेवावी. राहिलेल्या लोकांसाठी पुन्हा फेरी केली जाते. ‘आज उपवास आहे’ एवढेच सांगून दार लावले, तर वहीत आपली गणना नकारात होते.

दुसरा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात: कृमी मारणारे औषध घ्यावे का? याचा शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु श्रावकाचारात गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. देहरक्षणासाठी अपरिहार्यपणे घडणाऱ्या हिंसेचा विचार तेथे निराळा केला आहे. आपण ताप आल्यावर औषध घेतोच. मग शेजारच्या बालकाचा पाय उद्या सुजू नये म्हणून आज ते घेण्यात संकोच कशाचा?

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकत आलो. औषधदान म्हटले की धर्मार्थ दवाखाना, रुग्णांना औषधांची मदत असे चित्र डोळ्यांपुढे येते. देणारा एक, घेणारा दुसरा. या मोहिमेत मात्र गंमत अशी की औषध घेणारा हाच दाता असतो. निरोगी मनुष्य गोळी घेतो, एखादा दिवस मळमळ सोसतो, आणि त्याचा लाभ ज्यांना होतो त्यांना तो ओळखतही नाही. ‘मला काहीच झालेले नाही, मग मी औषध का घेऊ?’ या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर हे आहे.

बंदरगावाची जबाबदारी

सुरुवातीस उल्लेखिलेले दुसरे कारण आता सांगतो. दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखावरचे प्राचीन बंदर. येथे शतकानुशतके दूरदूरची माणसे आली आणि येथली मुंबईस गेली. आजही कोकणातील मच्छीमार नौकांवर परप्रांतीय खलाशी असतात आणि आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड आणि नेपाळचा तराई भाग हे हत्तीरोगाचे जुने प्रदेश आहेत. आपल्या गावी फेरी होते तेव्हा ही माणसे येथे असतात, आणि येथे फेरीच नसते. एखादा खलाशी वर्षानुवर्षे औषधाविना राहतो तो असा. यात त्याचा दोष नाही, आणि त्याच्याकडे संशयाने पाहणे तर सर्वस्वी अनुचित. नौकामालकाने आणि बागायतदाराने त्याची रात्रीची रक्ततपासणी करवून घ्यावी, गरज पडल्यास त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध मिळवून द्यावे, एवढे निश्चित करता येईल. गटारे वाहती ठेवणे आणि शौचकुंडीच्या वायुनलिकेला जाळी बांधणे हेही आपल्या हातचे आहे.

ज्या वाचकांच्या जिल्ह्यात फेरी होते, त्यांच्यासाठी माझी विनंती छोटी आहे. आशाताई कधी येणार हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. घरातील सर्वांची जेवणे त्याआधी उरकू द्या. कामावर असलेल्या सून-मुलाला त्या वेळी घरी यावयास सांगा. कोणी गरोदर किंवा गंभीर आजारी असेल तर ते स्पष्ट सांगा. घरी काम करणाऱ्या बाईंना आणि इमारतीच्या पहारेकऱ्यालाही त्याच वेळी बोलावून घ्या, कारण त्यांची नोंद पुष्कळदा ना त्यांच्या घरी होते, ना आपल्या. आणि दाराशी पाण्याचा तांब्या भरून ठेवा. त्यातले पहिले पेलाभर पाणी जिने चढून आलेल्या त्या मुलीला द्या आणि मग तिच्यासमोर गोळ्या घ्या.